बिराजदार साहेब आणि कच्चा ढीग

लग्नाला आलेला माणूस आधी नवरा-नवरी बघतो, मग ओळखीचं कोण आलंय ते बघतो, मग पंगत कुठवर आलीय ते बघतो. बिराजदार साहेब आधी खरकट्याचं पिंप बघतात.

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी हेच केलं. अक्षता पडायला दहा मिनिटं होती. मी फेटा सावरत व्याह्यांची वाट बघत उभा होतो. साहेब मांडवात आले, मला नमस्कार केला आणि तडक मागच्या बाजूला, आचाऱ्यांची चूल होती तिकडे गेले. परत आले ते शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडून.

माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मालक, शंभराच्या वर माणूस हाय."

"हजाराच्या वर हाय, साहेब," मी छाती फुगवून म्हणालो.

"पालिकेला तीन दिवस आधी कळवलं का? कामाचे तीन दिवस. रविवार धरायचा न्हाई."

"मुहूर्त सहा महिन्यांमागं ठरलाय. सगळ्या गावाला म्हायती हाय."

"गावाला असंल. नियम पालिकेला म्हणतो." मग त्यांनी मूठ उघडली. मुठीत प्लास्टिकचे दोन चमचे, पाण्याच्या बाटलीचं टोपण आणि कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण होतं. "ओल्या पिंपात सापडलं. बाह्य पदार्थ."

आजूबाजूला माझे व्याही, त्यांचे भाऊ, दोन्हीकडचे पाहुणे. माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. पण मुलीचं लग्न होतं. मी म्हणालो, "साहेब, अक्षता घ्या." त्यांनी डाव्या हातात अक्षता घेतल्या, कारण उजव्यात बाह्य पदार्थ होते. लग्न लागल्यावर सुनमुखाच्या वेळी ते आचाऱ्याजवळ उभे राहून केळीची पानं आणि द्रोण कशात टाकायचे ते समजावून सांगत होते. आचारी माणूस चांगला. त्याने ऐकून घेतलं आणि मला पुढे सहा महिने त्यावरून टोमणे मारले.

या माणसाला मी माझ्या पैशाने पगार देतो. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं जे काही आहे ते मी कोणत्या रागाने लिहितोय हे कळेल.

मी मूळचा सांगोल्याकडचा. आमच्या घरात मेंढरं. माझा बाप मोठ्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडी आणि मूत पडून रान खतावतं आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. बाप सकाळी बांधावर उभा राहायचा, पायली मोजून घ्यायला. मालक कधी लगेच यायचा, कधी ऊन डोक्यावर आल्यावर. मी बापाच्या शेजारी उभा असायचो. भाव करायला मी तिथेच शिकलो. थांबायला मात्र शिकलो नाही. थांबण्याची चीड तेव्हा बसली ती बसलीच.

पुढे मी लेंडीखत ट्रॉलीने विकलं, मग ट्रकने विकलं, आणि आता चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडे माझा स्वतःचा शेड आहे. शहरातल्या मंडईचा भाजीपाला, हॉटेलांचा ओला कचरा, उसाच्या रसवाल्यांची चिपाडं असं सगळं येतं, त्याचे लांबट ढीग घालतो, ते कुजवतो, चाळतो, पोत्यात भरतो आणि विकतो. पोत्यावर माझं नाव आहे. तांबड्या अक्षरात, मोठं. शाळेतल्या वहीवरसुद्धा माझं नाव इतकं मोठं नव्हतं.

बिराजदार साहेब तेव्हा सरकारी खत निरीक्षक होते. वळसंगचे. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा शर्ट, आणि एक निळी स्कूटर जिच्या डिकीत त्यांचं सगळं जग होतं. एका मे महिन्यात ते न सांगता माझ्या शेडवर आले. पोती ट्रकमध्ये चढवणं चाललं होतं. आता आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. माल वजनाने विकायचा असेल तर आदल्या दिवशी त्यावर थोडं पाणी मारायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट, त्यात कुणाला काही वाटत नाही. साहेबांनी पोत्यात सळई खुपसून आतला माल काढला, मुठीत दाबला. मूठ उघडली तर खताचा लाडू तसाच राहिला.

मी म्हणालो, "साहेब, उन्हातनं आलाय. पाणी घ्या आधी."

ते म्हणाले, "पाणी तुमच्या मालात लई हाय. ते आधी काढा."

नमुन्याचे तीन भाग केले, तीन पिशव्यांत भरले, लाख लावली, एक भाग माझ्या हातात दिला. चहा घेतला नाही. ट्रक थांबला. माल नापास झाला. आणि तो सगळा माल मला पुन्हा फोडून, वाळवून, चाळून भरावा लागला, सोलापूरच्या उन्हात. तेव्हापासून मी त्यांच्यावर डूख धरून होतो. पुढच्या वर्षी त्यांची बायको वारली असं कळलं. शेडवरची दोन माणसं भेटून आली. मी गेलो नाही.

पण राग वेगळा आणि धंदा वेगळा. सरकारी माणूस निवृत्त झाला की त्याचा भाव उतरतो, हे मला माहीत होतं. साहेब निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, या माझ्याकडे. माझा हिशेब साधा होता. ज्या कुत्र्याची भीती वाटते ते आपल्या दारात बांधावं.

पगाराची बोलणी सुरू झाली. मी एक आकडा सांगितला. ते म्हणाले, "आकडा तुमचा तुमी ठरवा. माझी एकच अट. मी ढीग कच्चा म्हटला की कच्चा. माझ्या सहीबिगर पोतं शिवायचं न्हाई."

मी त्या अटीच्या बदल्यात पगार आणखी खाली आणला. ते हो म्हणाले. बाहेर पडल्यावर मी स्वतःशीच हसलो होतो. आयुष्यात इतका स्वस्त सौदा मी केला नव्हता. इतका महागही नाही, हे पुढे कळलं.

तर आता ते रोज सकाळी साडेआठला येतात. स्कूटरच्या डिकीतून तीन वस्तू काढतात: चार मिलिमीटर भोकांची चाळणी, हातभर लांबीची लोखंडी सळई, आणि अळिवाच्या बियांची डबी. चाळणी कशाला हे सरळ आहे. खताचे दहातले नऊ भाग त्या चाळणीतून खाली गेले पाहिजेत, असा नियम आहे. पण साहेबांना चाळणीची सवयच लागलेली. एकदा ऑफिसातला चहा कडू झाला तर त्यांनी चहाची पावडर चाळली आणि वर उरलेल्या काड्या कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवल्या.

सळईचं काम जरा निराळं. ती ढिगाच्या पोटात खुपसून ठेवतात, सगळ्या शेडला एक फेरी मारून येतात, मग उपसतात आणि गालाला लावतात. आमच्याकडे थर्मामीटर आहे, मी आणलाय, चांगला महागाचा. तो ते वापरतात आणि आकडा वहीत लिहितातही. पण भरवसा गालावर. सळई गरम लागली की ढीग अजून आत धुमसतोय, जिवंत आहे, कच्चा आहे. कचरा निवडणारी आमची रेणुकाबाई म्हणते, "साहेब तापाचं लेकरू बघितल्यावानी बघत्यात." साहेब ढिगाशी बोलतातही. हळू, कानडीत. काय बोलतात ते मी विचारलं नाही.

आणि अळीव ही शेवटची परीक्षा. खत पक्कं झालंय असं वाटलं की ते डब्याच्या झाकणात थोडं घेतात, त्यावर बिया टाकतात, पाणी शिंपडतात. बिया चांगल्या उगवल्या तर ढीग पास. कच्च्या खतात कोंब जळतात. शेडच्या खिडकीत अशी पाच-सहा झाकणं कायम ओळीने मांडलेली असतात आणि साहेब येता-जाता चष्मा वर करून त्यांच्यावर वाकतात.

गणपतीत त्यांचा वेगळाच ताप. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्याचा टेंपो येतो. साहेब आणि रेणुकाबाई बसून हारातला दोरा न् दोरा ओढून काढतात. एका मंडळाचा कार्यकर्ता टेंपोबरोबर आला होता. तो म्हणाला, "काका, देवाला वाहिलेलं हाय, राहू द्या की दोरा."

साहेब वर न बघता म्हणाले, "देवाला वाहिला म्हणून नायलॉन कुजत न्हाई."

त्यांच्या नकाराचे दोन प्रकार आहेत, हे मला पहिल्या वर्षात कळलं. मराठीत "न्हाई" म्हणाले तर बोलणीला जागा असते. दोन दिवस इकडे-तिकडे होतात, ढीग एकदा जास्त पलटला की मानतात. पण वळसंगचा माणूस, घरची बोली कानडी. कानडीत "इल्ला" म्हणाले की संपलं. मग तुम्ही ओरडा, खुर्ची आपटा, उपाशी बसा. मी तिन्ही करून बघितलंय.

आता त्या ऑर्डरचं सांगतो.

एका सकाळी मला फोन आला. आवाज ऐकल्याबरोबर मी खुर्चीतून उठलो. सांगोल्याचे आबा. ज्यांच्या बांधावर माझा बाप पायलीची वाट बघत उभा राहायचा, त्या घरातले हे. तेव्हा ते तरुण होते, बुलेटवरून यायचे. आता त्यांची डाळिंबाची मोठी बाग आहे.

"मान्या," आबा म्हणाले, "खत लई चांगलं करतोस म्हणं. पाणी तोडून बाग ताणावर सोडलीया, आता बहार धरायचाय. दोन ट्रक लावून दे. पण आठ दिसांत पायजे. झाडाला पाणी सोडायच्या आधी."

माझं नाव माणिक. सोलापुरात मला लोक माणिकशेठ म्हणतात. आबांनी मला मान्या म्हटलं आणि मला राग आला नाही. मी उभ्यानेच म्हणालो, "पाठवतो, आबा." फोन ठेवल्यावर डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. तो बांध, आणि त्या बांधावर थप्पी लावलेली पोती, प्रत्येकावर तांबड्या अक्षरात माझं नाव. ते बघायला बाप राहिला नाही, पण बांध तर आहे.

मी शेडवर गेलो. सात नंबरचा ढीग मोठा होता, दोन ट्रक आरामात भरले असते. काळाभोर, मऊ, वासही गेलेला. मी मूठभर उचललं. मला तर पक्काच वाटला. साहेबांनी सळई काढली, गालाला लावली, आणि मान हलवली.

"अजून तीन आठवडे."

"साहेब, वास न्हाई, रंग बघा."

"वरनं पक्का हाय. आतनं कच्चा. अळीव पिवळा पडाय लागलाय." त्यांनी खिडकीतलं झाकण आणून दाखवलं. कोंब उगवले होते, पण टोकं करपल्यासारखी.

मी सुरुवातीला गोडीत घेतलं. आबांचं सांगितलं, बापाचं सांगितलं, बांधाचं सांगितलं. एवढं मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. साहेब ऐकत राहिले. मग मी म्हणालो, "आणि त्या आबांच्या रानात आमी वर्षानुवर्षं मेंढरं बसवली. ताजी लेंडी, त्या रातीची. तवा कुणी सळई लावली न्हाई. रानं काय जळली?"

साहेबांनी यावर बराच विचार केला. हा त्यांचा एक गुण आहे, समोरच्याचं म्हणणं ते खरोखर तोलून बघतात.

"मेंढरं बसवली की लेंडी रानातच कुजती," ते म्हणाले. "त्याला लागंल तेवढा वेळ रान देतं. मग पेरणी. तितं नाव लिहिलेलं नसतं. तुमी पोत्यावर नाव लिहिता, मालक. नाव लिहिलं की पक्कं झालं असं सांगितल्यावानी हाय. घेणारा तुमचं नाव वाचून मुळात टाकतो. म्हणून नियम."

"माझं नाव माझं मी बघीन."

"इल्ला."

मग मी ओरडलो. शेडच्या पत्र्यावर बसलेले कावळे उडाले. रेणुकाबाईने फावडं खाली ठेवलं. मी म्हणालो की पोती मी शिवणार, सही करा नाहीतर मी करतो. साहेब शांतपणे म्हणाले, "शिवा. मी सोमवारी हापिसात जाऊन कळवणार. मलाच मग तुमचा नमुना घ्यायला बोलावतील, साक्षीला." आणि सळई पुसून डिकीत ठेवायला निघून गेले.

ते शुक्रवारी झालं. शनिवारी मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलं की नाही, मला शंका आहे. शनिवारी दुपारी आबांचा परत फोन. "मान्या, ट्रक कवा निगतोय?" मी म्हणालो, "सोमवारी सांगतो." सोमवारपर्यंत काय तो तुकडा पाडायचं ठरवलं. सही, नाहीतर नोकरी. असल्या गोष्टी शेडवर माणसांसमोर बोलू नयेत म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. जिन्यावर चढता चढता बोलायचं पाठ करत होतो. "साहेब, तुमचा मान हाय, पण धंदा माझा हाय." एवढंच. पुढचं त्यांनी ठरवायचं.

दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. घर लख्ख. भिंतीवर साहेबांच्या बायकोचा, काकूंचा फोटो, त्याला खऱ्या फुलांचा हार, सुती दोऱ्यातला. शेजारच्या बाईने वर बोट दाखवलं. "गच्चीवर असत्यात रविवारी."

गच्चीवर कठड्याच्या सावलीत तीन मोठी मातीची मडकी होती. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायची. पहिल्या दोन मडक्यांना कागद चिकटवलेले, भरायला सुरुवात केल्याचा दिवस, पलटल्याचे दिवस, सगळं साहेबांच्या ठसठशीत अक्षरात. दोन्हीच्या पुढ्यात अळिवाची झाकणं. तिसऱ्या मडक्याला कागद नव्हता. त्याच्या तोंडावर ओलं गोणपाट होतं, आणि साहेब त्याच्यापुढे पाटावर बसून एका जुन्या उलथन्याने आतला माल खालीवर करत होते. उलथन्याची मूठ काळी पडलेली, स्वयंपाकघरातलंच होतं ते.

"या, मालक," ते म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "बसा. एवढं पलटून होतो."

मी बसलो नाही. बोलायचं पाठ होतं, ते उभ्याने चांगलं येतं. पण तेवढ्यात मडक्यातून वास आला. मी चाळीस वर्षं खताच्या वासावर पोट भरलेला माणूस आहे. कच्च्याचा वास नाकाला टोचतो. पक्क्याचा वास म्हणजे वास नसतोच, नुसती माती. हा त्याच्याही पुढचा होता. मी वाकून मूठभर उचललं. काळं, हलकं, बोटांतून रव्यासारखं सांडणारं. असा माल माझ्या शेडवर कधी झाला नाही, होणारही नाही.

"कवाचा हाय?" मी विचारलं.

"तिनं भरलेला." साहेब उलथनं फिरवत राहिले. "दवाखान्यात न्यायच्या दिवशीसुद्धा शेंगांची टरफलं टाकून गेली वर. चटणी करायला बसली होती. त्यानंतर मी ह्यात काय टाकलं न्हाई. ह्यो तिचा, ते दोन माझे."

मी मनात मोजलं. तीन वर्षं होऊन गेली होती.

"मग हा तर..." मी म्हणालो.

"कच्चा हाय," साहेब म्हणाले. "अजून तीन आठवडे."

माझ्याकडे न बघता म्हणाले. कठड्यापलीकडे बघत.

माझ्या हातात ते खत होतं. अंगठा फिरवताना काहीतरी टोचलं. बघितलं तर हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा. मडक्यात कोपरापर्यंत हात घालून पलटताना काकूंची बांगडी वाढली असणार कधीतरी. काच. बाह्य पदार्थ. ज्या माणसाने माझ्या मुलीच्या लग्नात खरकट्यातून बटण काढलं, तो दर रविवारी हे मडकं पलटतोय आणि हा तुकडा त्याला दिसला नाही, असं होणं शक्य नाही. चाळणी खाली स्कूटरच्या डिकीत होती. ती या मडक्याला कधी लागलेलीच नव्हती. सळई लागली नव्हती. आणि या मडक्यापुढे अळिवाचं झाकणही नव्हतं.

मी भाव करणारा माणूस आहे. समोरच्याची गोम हातात आली की मला आपोआप कळतं, जसं मेंढरवाल्याला पाऊस कळतो. त्या क्षणी माझ्या हातात आयुष्यातली सगळ्यात भक्कम बाजू होती. मला एवढंच म्हणायचं होतं: साहेब, हे कच्चं असंल तर माझा सात नंबर कच्चा. हे पक्कं असंल तर तुमी खोटं बोलता. सांगा कुठं सही करता. याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मराठीतही नव्हतं, कानडीतही नव्हतं.

मी हातातलं खत परत मडक्यात टाकलं. काचेचा तुकडा बाजूला काढला नाही. त्याच्यासकट टाकलं आणि वरून बोटांनी थोडं सारखं केलं.

"व्हय," मी म्हणालो. "आतनं जरा कच्चाच लागतोय."

साहेबांनी मान डोलवली. गोणपाट मडक्याच्या तोंडावर नीट पसरलं, चार बाजूंनी खोचलं. मग विचारलं, "तुमी सात नंबरचं बोलायला आलता न्हवं?"

"न्हाई. हिकडनंच चाललो होतो. काकू गेल्या तवा यायचं राहिलं होतं."

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "च्या करतो. पावडर चाळलेली हाय."

चहा घेऊन उतरलो आणि जिन्यातच आबांना फोन लावला. म्हणालो, "आबा, माल तयार न्हाई. तीन आठवडे लागतील."

आबा म्हणाले, "मान्या, तुझा बा असला न्हवता. सांगितल्या दिशी मेंढरं बसवायचा."

बरोबर बोलले. माझ्या बापाला सही करणारा कुणी नव्हता.

आबांनी दुसरीकडून दोन ट्रक घेतले. माझ्या माहितीप्रमाणे ते खत सात नंबरपेक्षा कच्चं होतं. आणि आबांच्या झाडांना काहीही झालं नाही. बहार चांगला धरला, डाळिंबं मोठाली आली. हे मी साहेबांना मुद्दाम, रेणुकाबाई ऐकेल अशा आवाजात सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, तोलून बघितलं, आणि म्हणाले, "पुढल्या साली बघू." त्या ऑर्डरचा राग माझा गेलेला नाही. जाणारही नाही. महिन्यातून एकदा तरी मी तो विषय काढतो आणि त्यांना ऐकवतो. बांध अजून तिथेच आहे आणि माझं पोतं अजून त्यावर गेलेलं नाही.

सात नंबर मात्र तीन आठवड्यांनी, अगदी दिवसावर, पास झाला. साहेबांनी सही केली. सुयांनी पोती शिवणं सुरू झालं, आणि ते स्कूटरकडे निघाले. मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. ते सळई पुसत होते.

मी विचारलं, "घरच्या मडक्याचं काय, साहेब? त्याचे पण तीन आठवडे झाले की."

त्यांनी सळई डिकीत ठेवली, चाळणी ठेवली, डबी ठेवली. डिकी लावली. ती नीट लागली का ते दोनदा बघितलं.

"अजून तीन आठवडे," ते म्हणाले.

"घाई न्हाई," मी म्हणालो.

माझ्या तोंडून हे दोन शब्द कधी कुणी ऐकले नसतील. आमच्या घरी सांगितलं तर बायकोलाही खरं वाटणार नाही.